आयटी सर्व्हिस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर कसं निवडावं? कोल्हापूरच्या उद्योग-व्यवसायांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली आणि गोकुळ शिरगावातल्या फाउंड्र्या, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतली मशीन शॉप, शहरातली हॉस्पिटलं आणि पतसंस्था, इचलकरंजीतले कापड उद्योग, तालुक्याच्या ठिकाणचे साखर कारखाने. या मंडळींची आयटीची कामं बघताना तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एक आग्रह कायम धरला आहे: सॉफ्टवेअर निवडायचं ते तुमच्याकडच्या रोजच्या तक्रारी समोर ठेवून. विक्रेत्याचा डेमो त्यानंतर बघायचा.

हे सॉफ्टवेअर नेमकं करतं काय? हेल्पडेस्कपेक्षा वेगळं काय?

कॉम्प्युटर बंद पडला, ईमेल येईना, ईआरपीत (हिशेब, साठा, उत्पादन एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) लॉगिन होईना, नव्या माणसाला लॅपटॉप हवाय. अशी प्रत्येक गोष्ट नोंदवायची, तिला क्रमांक द्यायचा, ती कुणाकडे आहे आणि कधीपासून पडून आहे हे संबंधितांना दिसू द्यायचं, एवढं काम हेल्पडेस्क करतो. सर्व्हिस मॅनेजमेंट सॉफ्टवेअर त्याच्या पुढे जातं. कुठलं मशीन कुणाकडे आहे, त्याची वॉरंटी कधी संपते, सर्व्हरवर काल काय बदललं आणि कुणाच्या परवानगीने, तीच तक्रार दर आठवड्याला का येते, हे सगळं त्याच नोंदीशी जोडलेलं असतं.

या क्षेत्रात ‘आयटीआयएल’ हे नाव सतत कानावर पडेल. ब्रिटिश सरकारच्या संगणकविषयक संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस आयटी सेवेच्या चांगल्या पद्धती लिहून काढायला घेतल्या, त्यातून ही चौकट उभी राहिली. २०१९ मध्ये तिची चौथी आवृत्ती आली आणि तिच्यात ३४ पद्धती आहेत. शंभर-दीडशे कॉम्प्युटरच्या कंपनीला त्यातल्या सहा पुरतात: तक्रार, विनंती, मूळ कारण, बदल, मालमत्ता आणि माहितीसाठा. ‘आमचं सॉफ्टवेअर पूर्णपणे आयटीआयएलप्रमाणे आहे’ असं कुणी सांगितलं की त्याला या सहांपैकी प्रत्येक गोष्ट तुमच्याच उदाहरणावर करून दाखवायला सांगा.

आमच्याकडे पन्नास कॉम्प्युटर, आयटीचा एकच माणूस. व्हॉट्सअॅप ग्रुपवर भागतंय की. मग कशाला?

भागतं, पण काय निसटतं ते दिसत नाही. शिरोलीतल्या एका फाउंड्रीतली सकाळ सांगतो. गेटजवळ वजनकाट्याच्या केबिनमधला प्रिंटर बंद पडला. वजन स्क्रीनवर दिसतंय, पण पावती निघत नाही. पावती नाही म्हणून गेटपास नाही, आणि स्क्रॅपचा ट्रक काट्यावरच उभा. त्याच्या मागे दुसरा, तिसरा. काट्यावरच्या पोराने ग्रुपवर टाकलं, ‘प्रिंटर चालत नाही’. त्याच वेळी परचेसच्या मॅडमना ईमेलचा पासवर्ड बदलून हवा होता, एचआरने वाढदिवसाचं पोस्टर टाकलं, त्यावर शुभेच्छांची रांग लागली. आयटीवाल्याने प्रिंटरचा मेसेज वाचला, पण ऑफिसमधला कुठलातरी प्रिंटर असेल असं समजून आधी पासवर्डचं काम उरकलं. ट्रक जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिथेच.

यात कुणाचा आळस नव्हता. काट्याचा प्रिंटर आणि अकाउंट्सचा प्रिंटर यांतला फरक सांगायला ग्रुपमध्ये जागाच नव्हती. तक्रारीच्या फॉर्मवर ‘ठिकाण’ आणि ‘काम पूर्ण थांबलंय का’ हे दोन रकाने असते तर ती तक्रार आपोआप वर आली असती.

तरीही सगळ्यांनी लगेच खरेदी करावी असं माझं मत नाही. एकच जागा, एकच पाळी, एकच आयटीवाला असेल तर गुगल फॉर्म आणि त्यामागची शीट वर्षभर आरामात चालते. आयटी सांभाळणारे दोन किंवा अधिक जण झाले, दुसरा प्लँट सुरू झाला, रात्रपाळीतही ईआरपी लागायला लागलं किंवा ग्राहकाचा ऑडिटर नोंदी मागायला लागला, की मात्र खऱ्या सॉफ्टवेअरची वेळ आली समजा.

बघायला सुरुवात करण्याआधी आपण काय तयारी करावी?

एक महिना वही घाला. खरंच साधी वही किंवा एक्सेल. तारीख-वेळ, कुणी सांगितलं, कुठून सांगितलं, काय अडलं, किती माणसं किंवा किती काम थांबलं, कुणी सोडवलं, कधी सोडवलं. एवढेच रकाने. फोनवर आलेली, जिन्यात गाठून सांगितलेली, चहाच्या टपरीवर कानावर घातलेली तक्रारसुद्धा त्यात गेली पाहिजे.

महिन्याअखेर ती वही मालकांसमोर उघडून बसा. पासवर्ड, प्रिंटर, ईआरपीचे हक्क, नेट संथ, असे गट पडतात. कुठल्या गटात सर्वांत जास्त वेळ जातो ते कळतं आणि त्यावरून आपल्याला सॉफ्टवेअरमध्ये काय हवं ते ठरतं. पासवर्डच्याच तक्रारी निम्म्या असतील तर स्वतः पासवर्ड बदलण्याची सोय आधी बघा. परवानग्यांसाठी फाइल फिरत असेल तर मंजुरीची साखळी बघा. मशीन कुठलं कुणाकडे यावरच गोंधळ असेल तर मालमत्ता नोंदणी मजबूत असलेलं घ्या. ही वही नसली की खरेदीची बैठक विक्रेत्याच्या सादरीकरणावर चालते आणि लागणार नाहीत अशा गोष्टींचे पैसे जातात.

‘प्रॉब्लेम मॅनेजमेंट’ म्हणजे तक्रार सोडवणंच ना?

नाही, आणि हे कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही. कास्टिंग रिजेक्ट झालं की तुम्ही नुसतं ते वितळवून पुन्हा ओतत नाही. ब्लो होल का आले, वाळूत ओलावा जास्त होता का, ओतण्याचं तापमान पडलं का, याचा शोध घेता, पाच वेळा ‘का’ विचारता, ग्राहकाला आठ पायऱ्यांचा अहवाल देता. आयटीतलं प्रॉब्लेम मॅनेजमेंट म्हणजे तीच शिस्त. सर्व्हर रोज दुपारी अडकतो, रोज कुणीतरी रीस्टार्ट करतं, हे झालं तक्रार सोडवणं. दुपारी अडीचला बॅकअप सुरू होतो आणि त्याच वेळी पाळी बदलताना सगळे उत्पादन नोंदवतात, हे शोधून बॅकअपची वेळ बदलणं म्हणजे मूळ कारण काढणं.

सॉफ्टवेअर बघताना विचारायचं ते हे: दहा वेगवेगळ्या तक्रारी एका मूळ कारणाखाली बांधता येतात का, आणि कारण मिटल्यावर त्या दहाही जणांना निरोप जातो का? स्वस्त हेल्पडेस्कमध्ये बहुतेकदा इथेच घोडं अडतं.

क्लाउडवर घ्यावं की आपल्या सर्व्हरवर बसवावं?

कोल्हापुरात या प्रश्नाचं उत्तर देताना पंचगंगा विसरून चालत नाही. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पाणी त्याच्या बरंच वर गेलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद झाला आणि शहरातला माणूस एमआयडीसीत पोचू शकत नव्हता. तळमजल्यावर सर्व्हर, त्याच सर्व्हरवर तक्रारींची नोंद आणि त्याच खोलीत बॅकअपची हार्डडिस्क, अशी मांडणी असेल तर ज्या दिवशी सगळ्यात जास्त गरज आहे त्याच दिवशी ते सॉफ्टवेअर हाती नसतं. कोण घरून काम करतोय, कुणाचा लॅपटॉप कारखान्यातच राहिला, कुठली शाखा बंद आहे, हे नोंदवायला जागा राहत नाही.

म्हणून बहुतेकांना मी क्लाउडच सुचवतो. सोबत एक अट: मुख्य फायबर तुटली तर मोबाइल नेटवर तक्रार टाकता आली पाहिजे. रस्त्याची खोदाई चालू असली की फायबर तुटतेच, म्हणजे ही अट केवळ पुरासाठी नाही. डेमोच्या वेळी ऑफिसचं वायफाय बंद करून साध्या फोनवर तक्रार टाकून बघा.

आपल्या सर्व्हरवर ठेवण्याला सबळ कारणंही असतात. प्लँटचं नेटवर्क बाहेरच्या इंटरनेटपासून मुद्दाम तोडलेलं असतं, किंवा ग्राहकाशी केलेल्या करारात तशी अट असते. तसं असेल तर सर्व्हर वरच्या मजल्यावर, यूपीएस नीट, आणि बॅकअपची एक प्रत शहराबाहेर. नदीच्या याच काठावरच्या दुसऱ्या इमारतीत ठेवलेली प्रत पुरेशी नाही.

ओपन सोर्स मोफत मिळतं म्हणतात. मग पैसे का घालवायचे?

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं सॉफ्टवेअर. त्याच्या परवान्याचे पैसे लागत नाहीत, सांभाळण्याचे लागतात. जीएलपीआय हे फ्रान्समध्ये २००३ च्या सुमारास सुरू झालेलं सॉफ्टवेअर आहे. तक्रारी आणि मालमत्ता दोन्ही एकत्र सांभाळण्यात ते सरस आहे आणि मला ते मनापासून आवडतं. ओएसटिकेट आणि झॅमाड तक्रारींपुरते चांगले. आयटॉपमध्ये यंत्रणांचे परस्परसंबंध नीट मांडता येतात. फक्त मालमत्ता हवी असेल तर स्नाइप-आयटी.

पण लिनक्स, डेटाबेस, सुरक्षेचे अपडेट आणि बॅकअप परत उभा करून बघण्याची सवय असलेला माणूस तुमच्याकडे आहे का? तो सोडून गेला तर? पुण्याला नोकरी लागली म्हणून आयटीवाला गेला आणि ओपन सोर्सच्या सर्व्हरचा पासवर्डही त्याच्याबरोबर गेला, हे इथे अनेकदा घडतं. ओपन सोर्स घेणार असाल तर दोन माणसं तयार करा, पासवर्ड मालकांच्या ताब्यातल्या बंद पाकिटात ठेवा आणि वर्षाच्या खर्चात त्या माणसांचा वेळ धरा. एवढं करायची तयारी असेल तर ओपन सोर्स हा उत्तम पर्याय आहे.

किंमत कशी मोजायची? प्रत्येक कोटेशन वेगळंच दिसतं.

बहुतेक क्लाउड सॉफ्टवेअर तक्रार सोडवणाऱ्या माणसामागे दरमहा आकारतात. तक्रार करणारे कितीही असले तरी त्यांचे पैसे सहसा नसतात. म्हणून पहिला हिशेब सोडवणाऱ्या माणसांचा. इथे दोन खाचखळगे आहेत. तीन पाळ्यांत तीन माणसं असतील तर काही कंपन्या तिघांचे पैसे घेतात, काही एका वेळी जितके लॉगिन तितकेच. नेमकं काय ते लेखी घ्या. दुसरं, खरेदीला मंजुरी देणाऱ्या विभागप्रमुखाला परवाना लागतो का ते विचारा. लागत असेल तर आकडा चांगलाच वाढतो.

मालमत्ता मोजून वेगळे पैसे, एकाच पासवर्डने सगळीकडे शिरण्याची सोय फक्त वरच्या प्लॅनमध्ये, व्हॉट्सअॅप जोडणीचा खर्च निराळा, बसवून देण्याचं एकरकमी बिल निराळं. त्यावर १८ टक्के जीएसटी. परदेशी कंपनी थेट बिल देत असेल तर रिव्हर्स चार्जने कर तुम्हाला भरावा लागतो, तेव्हा आपल्या सीएंना आधीच विचारून ठेवा. डॉलरमधलं कोटेशन असेल तर पुढच्या वर्षी रुपयांत ते किती होईल हे कुणी सांगू शकत नाही. शक्य तिथे रुपयांत करार करा. आणि तीन वर्षांचा एकूण आकडा काढून मगच तुलना करा, कारण पहिल्या वर्षीची सवलत दुसऱ्या वर्षी नसते.

पैसे वाचवण्यासाठी दोघांनी एकच लॉगिन वापरण्याची पद्धत मात्र टाळा. नोंदीवरचं नाव खोटं ठरलं की त्या नोंदीचा ऑडिटमध्ये उपयोग उरत नाही.

शॉप फ्लोअरवरची माणसं मराठीत लिहितात. सॉफ्टवेअरला ते चालतं का?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात आणि माझ्या मते इथेच निवड ठरायला हवी. मराठी टाइप होणं ही पहिली पायरी झाली. युनिकोड सगळीकडे चालतो, तेवढ्यावर समाधान मानू नका. पुढच्या गोष्टी समोर बसवून करून बघा.

‘काट्याच्या प्रिंटरवर पावती येत नाही’ अशी तक्रार टाका आणि मग नुसतं ‘प्रिंटर’ शोधा. अख्खा शब्द जुळला तरच शोधणारं सॉफ्टवेअर ‘प्रिंटरवर’ दाखवणार नाही, आणि आपल्या भाषेत तर प्रत्येक नामाला विभक्ती चिकटलेली. तीच तक्रार पीडीएफमध्ये काढा. जोडाक्षरं फुटतात का, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते का ते बघा. ईमेलचा विषय मराठीत असेल तर तो नीट येतो की चौकोन येतात? जुन्या ऑफिस फाइली श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर तिथला मजकूर इथे चिकटवल्यावर निरर्थक चिन्हं येतील, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल.

बरेच जण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात, काही जण व्हॉइस मेसेज पाठवतात. तेव्हा फॉर्ममध्ये लिहायला कमीत कमी ठेवा. ठिकाण यादीतून, यंत्र यादीतून, ‘काम थांबलंय का’ हो किंवा नाही, आणि एक फोटो. मोल्डिंगवरचा माणूस हातमोजे काढून एवढंच करू शकतो. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक मशीनवर क्यूआर कोडचं स्टिकर: फोनने स्कॅन केलं की त्या मशीनचं नाव भरलेला फॉर्म उघडतो. ही सोय अनेक सॉफ्टवेअरमध्ये आहे, नसली तरी मशीननिहाय लिंक बनवून स्टिकर छापता येतं.

एसएलए किती तासांचा ठेवावा?

एसएलए म्हणजे तक्रार किती वेळात हाताळायची याची ठरलेली मुदत. सगळ्यांना एकच आकडा ठेवू नका. दोन गोष्टी बघायच्या: परिणाम किती मोठा आणि घाई किती. वजनकाटा, डिस्पॅचचं ई-वे बिल, हॉस्पिटलचं बिलिंग काउंटर वरच्या गटात. एका टेबलावरचा माउस खालच्या गटात. तीन गट पुरे, चार म्हणजे फार झाले.

‘प्रतिसाद’ आणि ‘निवारण’ हे दोन वेगळे वेळ आहेत. बाहेरच्या एएमसीवाल्याचा (वार्षिक देखभालीचं काम घेणाऱ्याचा) करार काढून बघा. ‘चार तासांत’ लिहिलं असेल तर ते बहुधा फोन उचलण्याबद्दल असतं, दुरुस्तीबद्दल नसतं. त्या एएमसीवाल्यालाही आपल्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगिन द्या, म्हणजे त्याने नेमका किती वेळ घेतला हे दरवर्षी कराराच्या बोलणीत तुमच्या हातात राहतं.

घड्याळ कुठल्या वेळेत चालावं हेही तपासा. तुमची साप्ताहिक सुट्टी रविवारी नसून दुसऱ्या वारी असेल, दसऱ्याच्या सुमारास खंडेनवमीची पूजा होऊन मशीन बंद असतील, तर सॉफ्टवेअरमध्ये तुमचं स्वतःचं कॅलेंडर, तेही प्लँटनिहाय वेगळं, भरता आलं पाहिजे.

‘चेंज मॅनेजमेंट’ छोट्या कंपनीला हवंच का?

हवं, आणि ते एका पानात बसतं. काय बदलणार, का, केव्हा, बिघडलं तर मागे कसं येणार, कुणी हो म्हटलं. पाच ओळी.

एका कारखान्यात १९ तारखेला संध्याकाळी अकाउंट्सच्या सर्व्हरवर अपडेट टाकला गेला. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बीची शेवटची तारीख, आणि सकाळी सर्व्हर उघडेना. अपडेट टाकणाऱ्याला तारीख ठाऊक नव्हती, अकाउंट्सला अपडेट ठाऊक नव्हता. म्हणून माझी सूचना अशी की सॉफ्टवेअर घेण्याआधीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर ‘हात लावायचा नाही’ असे दिवस लाल करा. दरमहा जीएसटी भरणाऱ्यांसाठी ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन दिवस, पगाराचे दिवस, दूध संस्थांना दर दहा दिवसांच्या बिलाचे दिवस, पतसंस्थांना मार्चअखेर. साखर कारखान्यांनी तर गळीत हंगाम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत ऊस नोंदणी, काटा आणि बिलं या यंत्रणांत फक्त अत्यावश्यक बदल करावेत. हे कॅलेंडर ज्या सॉफ्टवेअरमध्ये भरता येतं आणि त्या दिवशी बदलाची मागणी आली की ते अडवतं, ते सॉफ्टवेअर चांगलं.

मालमत्ता नोंदणीचा उपयोग काय? आमच्याकडे एक्सेल आहे.

एक्सेलला कुणी उघडल्याशिवाय काही कळत नाही. ताजं उदाहरण घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमच्याकडे त्यावर किती मशीन चालू आहेत, त्यातली किती ११ वर नेता येतील, किती बदलावी लागतील आणि किती मशीनसाठी पैसे भरून वाढीव अपडेट घ्यायचे, हे पाच मिनिटांत सांगता येतं का? नेटवर्कवर आपोआप शोध घेणारं सॉफ्टवेअर ते सांगतं.

आणखी एक, विशेषतः फाउंड्री आणि मशीन शॉपसाठी. लॅबमधल्या स्पेक्ट्रोमीटरला जोडलेला पीसी बघा. त्यावर बऱ्याचदा जुनं विंडोज असतं, कारण यंत्राचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. उत्साही आयटीवाल्याने तो पीसी ‘अपग्रेड’ केला तर वितळलेल्या धातूची रासायनिक तपासणीच थांबते आणि भट्टी खोळंबते. अशा मशीनच्या नोंदीवर ‘विचारल्याशिवाय बदल नको, इंटरनेटला जोडायचं नाही’ अशी ठळक खूण करता आली पाहिजे आणि त्या मशीनची तक्रार आली की ती खूण सोडवणाऱ्याला सगळ्यात आधी दिसली पाहिजे.

कायद्याचं काही बंधन आहे का?

आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात आणि यंत्रणांचे लॉग (त्यांत आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपून ठेवावे लागतात. हे कंपन्यांनाही लागू आहे, फक्त बँकांना नाही. रॅन्समवेअरचा संदेश स्क्रीनवर पहिल्यांदा कुणी आणि किती वाजता बघितला हे तक्रारीच्या नोंदीतूनच सिद्ध होतं. त्यामुळे ‘सुरक्षा घटना’ हा प्रकार वेगळा ठेवा आणि त्याची सूचना थेट मालकांच्या फोनवर जाऊ द्या.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हॉस्पिटलं आणि पतसंस्थांनी तर तक्रारीसोबत जोडल्या जाणाऱ्या स्क्रीनशॉटकडे आत्तापासून लक्ष द्यावं. त्यात रुग्णाचा अहवाल, खातेदाराचा आधार क्रमांक सहज येऊन बसतो. जोडलेल्या फाइली कोण बघू शकतो आणि त्या ठरावीक काळाने आपोआप काढता येतात का, हे विचारा.

वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांना ग्राहकाकडून आयएसओ २७००१ या माहिती सुरक्षेच्या मानकाबद्दल, जर्मन कंपन्यांकडून टिसॅक्स या वाहन उद्योगातल्या माहिती सुरक्षा तपासणीबद्दल विचारणा होते. त्या वेळी घटना, बदल आणि हक्क यांच्या तारीखवार नोंदी मागितल्या जातात.

आता सगळे एआयबद्दल बोलतात. तेही बघावं का?

सध्या शेवटी बघा. एआय उत्तर देतं ते तुमच्या माहितीसाठ्यातून. ‘काट्याचा प्रिंटर कसा रीसेट करायचा’ हे कुणी लिहूनच ठेवलं नसेल तर एआय आपल्या कारखान्याबद्दल काय सांगणार? आधी वारंवार येणाऱ्या वीस तक्रारींची मराठीत, फोटोसह, एकेक पान उत्तरं लिहा. ती झाली की मग चाचणी घ्या, मराठी प्रश्न विचारूनच.

सरळ सांगा, कुठलं घ्यावं?

आयटीत लिनक्स जाणणारी दोन माणसं असतील तर जीएलपीआय. तशी माणसं नसतील आणि पन्नास ते पाचशे कॉम्प्युटर असतील तर मॅनेजइंजिनचं सर्व्हिसडेस्क प्लस आणि फ्रेशसर्व्हिस ही दोन समोरासमोर ठेवा. दोन्हींची मुळं चेन्नईत. सर्व्हिसडेस्क प्लस क्लाउडवर आणि आपल्या सर्व्हरवर, दोन्हीकडे मिळतं; फ्रेशसर्व्हिस फक्त क्लाउडवर, पण नवख्या माणसाला ते लवकर जमतं. स्वतः सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी असाल आणि कामांची नोंद ठेवणारं जिरा आधीच वापरत असाल तर जिरा सर्व्हिस मॅनेजमेंट. तीन एजंटांपर्यंत, म्हणजे तक्रार सोडवणाऱ्या तीन माणसांपर्यंत, ते मोफत आहे. सर्व्हिसनाऊ ताकदीचं आहे, पण ते सांभाळायला स्वतंत्र माणसं लागतात. मोठ्या समूहाचा भाग असाल आणि मुख्य कार्यालयात ते आधीच असेल तरच त्याचा विचार करा.

दोनच नावं निवडा. वहीतल्या दहा खऱ्या तक्रारी विक्रेत्याला द्या आणि त्या तुमच्यासमोर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून दाखवायला सांगा. त्या बैठकीला काट्यावरच्या माणसाला आणि अकाउंट्सच्या मॅडमना बोलवा. त्यांना जे जमलं ते घ्या.

सॉफ्टवेअर घेतलं, पण लोक अजून फोनच करतात. काय करावं?

फोन घ्या, कधीच नाकारू नका. पण फोनवर बोलता बोलता नोंद तुम्ही करा आणि क्रमांकाचा मेसेज त्यांना जाऊ द्या. दोन-तीन वेळा क्रमांकावरून लगेच माहिती मिळाली की माणसं आपणहून फॉर्मकडे वळतात. जुन्या कामगारांच्या मनात वेगळीच भीती असते: लेखी तक्रार केली म्हणजे आपण कुणाविरुद्ध कागद केला, साहेब रागावतील. ती भीती मालकांनीच काढायची. मालकांनी आपल्या स्वतःच्या लॅपटॉपची तक्रार फॉर्मवरून टाकली आणि तिला रांगेतला क्रमांक मिळाला, हे सगळ्यांनी बघितलं की निम्मं काम होतं.

पहिले दोन महिने अहवाल काढून कुणाला जाब विचारू नका. आयटीवाल्याला तक्रारींची संख्या दाखवून झापलं तर तो पुढच्या महिन्यात नोंदीच कमी करेल.

उद्या सॉफ्टवेअर बदलायचं झालं तर आमच्या नोंदी परत मिळतील का?

करार करण्याआधी हे विचारा. जिरा बनवणाऱ्या अॅटलासियनने आपल्या सॉफ्टवेअरच्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ ला थांबवला. ओटीआरएस या तक्रार नोंदणीच्या सॉफ्टवेअरची मोफत कम्युनिटी आवृत्ती मूळ कंपनीने बंद केली आणि वापरणाऱ्यांना त्यातूनच निघालेल्या झ्नुनी या सॉफ्टवेअरकडे जावं लागलं. चांगल्या, नावाजलेल्या सॉफ्टवेअरच्या बाबतीतही हे होतं.

चाचणीच्या काळातच शंभर तक्रारी भरून त्या बाहेर काढून बघा. तक्रार, तिच्यावरची सगळी उत्तरं, जोडलेले फोटो आणि वेळेचे शिक्के, हे चारही बाहेर आले पाहिजेत. अनेकदा सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत) फक्त तक्रारीचा मथळा येतो, बाकी काही नाही. मराठी मजकूर एक्सेलमध्ये नीट उघडतो का तेही त्याच वेळी बघा. उघडला नाही तर फाइल एक्सेलमध्ये यूटीएफ-८ (युनिकोड साठवण्याची पद्धत) म्हणून आयात करा. करार संपल्यावर किती दिवस डेटा ठेवणार आणि त्यानंतर तो पुसल्याचं पत्र देणार का, या दोन ओळी करारात लिहून घ्या. आणि चालू असतानाही दर तिमाहीला एक पूर्ण प्रत काढून मालकांच्या ताब्यात द्या.